हुकाला वजन असताना

सकाळी सातला क्रेनची शिडी चढायच्या आधी घार तीनदा संडासला जाऊन यायची. एकदा घरी, एकदा वाटेवरच्या पेट्रोल पंपावर आणि एकदा साइटवरच्या पत्र्याच्या संडासात. तिथली कडी आतून नीट लागत नसे, दार एका हाताने ओढून धरावं लागे. मग दोनशे सहा पायऱ्या. वर पोचली की जेवणाच्या सुट्टीपर्यंत खाली उतरणं नाही.

घार हे अर्थात तिचं खरं नाव नव्हे. बासष्ट मीटर उंचीवरच्या काचेच्या केबिनमध्ये बसून ती तीन-चार टनांची वजनं अलगद उचलायची, अलगद टेकवायची, आणि खाली कोण काय करतंय हे तिला बरोबर दिसायचं. म्हणून पहिल्याच वर्षी कुणीतरी ते नाव ठेवलं आणि ते चिकटलं. तिलाही ते आवडायचं. टॉवर क्रेन चालवणारी बाई त्या साइटवरच्या कुणीही आधी पाहिलेली नव्हती. परवान्याच्या कचेरीतला कारकून तर फॉर्म उलटापालटा करून म्हणाला होता, "बाई, अर्जदाराला पाठवा." ती म्हणाली होती, "पाठवलंय की. तुमच्यासमोरच उभाय तो अर्जदार."

ही गोष्ट तेव्हाची, जेव्हा तिला असे टोले सुचायचे.

चाळिशीच्या तोंडावर तिला आजार कळला. मोठ्या आतड्याला आतून सूज आणि व्रण. दुर्बिणीने तपासणी करणाऱ्या पोटाच्या डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून समजावलं. "हा मुळासकट जाणारा आजार नाही. पण ताब्यात राहतो. कधी महिनोन्महिने गप्प बसेल, कधी उसळेल. गोळ्या मात्र बरं वाटलं तरी सोडायच्या नाहीत."

घारीने मान डोलावली, दोन-अडीच वर्षं गोळ्या घेतल्या, आणि मग सलग आठ महिने बरं वाटल्यावर सोडल्या. तिला वाटलं, गेला तो आजार. खरं म्हणजे तिला तसं वाटायला हवं होतं.

तो उसळला तो ऐन घाईच्या दिवसांत. इमारतीचे नऊ मजले झाले होते, पाच बाकी होते, आणि साइट इंजिनियर सकाळ-संध्याकाळ एकच वाक्य बोलायचा, "क्रेन थांबली की सगळं थांबलं." दिवसातून दहा-बारा वेळा कळ यायची. रक्त जायचं. तिने त्यावर स्वतःचे उपाय काढले. आदल्या दिवशी दुपारनंतर जेवायचं नाही. सकाळी फक्त पाणी, तेही दोन घोट. केबिनमध्ये खुर्चीच्या मागे एक झाकणाची बादली आणि काळ्या पिशवीत कपड्यांचा एक जोड. उंच केबिनमध्ये बसणारा प्रत्येक जण काही ना काही सोय करतोच, त्याबद्दल कुणी कुणाला विचारत नाही. पण त्या बादलीचा उपयोग हुक रिकामा असताना. हुकाला वजन असताना दोन्ही हात दोन दांड्यांवर आणि डोळे खाली. तिथून उठता येत नाही.

घरी नवऱ्याला आजाराचं नाव माहीत होतं, त्याच्या पुढचं काही नाही. तो छापखान्यात मशीनवर काम करायचा, त्याच्या पाळ्या बदलत्या. "बरं आहे ना?" असं तो विचारायचा आणि ती "आहे" म्हणायची. तेरा वर्षांची मुलगी शाळेच्या कार्यक्रमाला बोलवायची, ही "काम आहे" म्हणायची. सिनेमा नको, कुणाकडे जाणं नको, बसचा लांबचा प्रवास तर नकोच. रस्त्याने चालताना इतरांना दुकानं दिसतात, तिला फक्त दारं दिसायची. कुठलं दार उघडेल, कोण आत जाऊ देईल. सगळं काही पोटात ठेवायची सवय तिला लहानपणापासून होती, आणि आता नेमकं पोटच काही ठेवून घ्यायला तयार नव्हतं.

डॉक्टरीणबाईंकडे ती गेली तेव्हा त्यांनी आधी गोळ्यांवरून चांगलीच हजेरी घेतली. मग लेखणी खाली ठेवून विचारलं, "आणि मनाचं काय चाललंय?"

"मनाचं काय? दुखणं पोटात आहे माझं."

"काळजीने हा आजार होत नाही. तुमच्या हातून काही चुकलं म्हणूनही नाही झाला. पण तुम्ही ज्या भीतीत राहताय ना, ते आता दुसरं दुखणं झालंय. त्यालाही औषध लागतं." त्यांनी एका समुपदेशक बाईंचा पत्ता चिठ्ठीवर लिहून दिला. "कामातून थोडे दिवस सुट्टी घ्या. निदान सांगून तरी ठेवा कुणाला."

घारीने चिठ्ठी पाकिटाच्या आतल्या कप्प्यात सरकवली. सुट्टी मागायची म्हणजे कारण सांगायचं. आणि कारण सांगितलं की सहा वर्षांपूर्वी जे म्हणत होते, "बाईमाणूस, वर कसं जमणार?" त्यांना आयतंच उत्तर मिळालं असतं. गोळ्या पुन्हा सुरू करून ती दुसऱ्या दिवशी सातला शिडी चढली.

त्यानंतर बारा दिवसांनी ती घटना घडली.

त्या दिवशी सकाळीच केबिनमध्ये पिशवीतला जोड वापरून झाला होता. मळलेले कपडे गुंडाळून तिने बादलीत दाबले, झाकण लावलं आणि घड्याळ पाहिलं. साडेनऊ. पोटात काल दुपारपासून काही नव्हतं. हातापायांत मुंग्या येत होत्या. वाऱ्याचा काटा हळूहळू वर सरकत होता, पण थांबण्याइतका नाही.

वॉकीटॉकी खरखरली. "घार, जिना घ्यायचाय. नवव्यावर."

हा आवाज शिट्टीमामांचा. मामा म्हणजे खालून इशारे देणारे सिग्नलवाले. अठ्ठावन्न वर्षांचे, उजव्या गुडघ्याने अधू, वॉकीटॉकी यायच्या आधी शिट्टीवर क्रेन नाचवायचे म्हणून ते नाव. घारीची आणि त्यांची सहा वर्षांची जोडी. तिला कित्येकदा जागा दिसत नसे, मामा सांगतील तसा हात चालवायचा. मामांचे डोळे आणि तिचे हात, असा तो व्यवहार.

जिना म्हणजे काँक्रीटचा तयार ओतलेला तुकडा, बारा पायऱ्यांचा, साडेतीन टनांचा. तो नवव्या मजल्यावरच्या चौकोनी भोकात वरून सोडायचा, आणि आत उभे असलेले चार फिटर त्याला हाताने वळवून बरोबर जागेवर बसवणार. घारीने तो उचलला, वळवला, भोकावर आणला.

"हळू... हळू... अजून वीतभर... थांब!"

ती थांबली.

"सळई आडवी येतेय एक. कापावी लागेल. चार बोटं वर घे आणि तसाच धर."

तेव्हा कळ आली.

ही नेहमीची नव्हती. बेंबीच्या खालून कुणी पिळा भरावा तशी ती आली आणि थेट पाठीपर्यंत गेली. घारीने दात आवळले. कपाळावर घाम सुटला. "किती वेळ, मामा?"

सहा वर्षांत तिने हा प्रश्न कधी विचारला नव्हता. "पाच मिनिटं. का गं?"

तिचा अंगठा बटणावर होता. म्हणायचं होतं एवढंच, की जिना परत खाली ठेवू या. पाच शब्द. पण त्या वॉकीटॉकीवर बोललेलं सगळ्या साइटला ऐकू जायचं. इंजिनियरला, फिटरांना, फाटकावरच्या पहारेकऱ्यालाही. तिने अंगठा उचलला.

"काही नाही."

पाचाची सात मिनिटं झाली. कटरचा आवाज वरपर्यंत येत होता. वारा जिन्याला हलकेच ढकलत होता आणि ती डाव्या हाताने केसभर-केसभर सावरत होती. आठ मिनिटं. डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. तिने जीभ चावून धरली, दुखेल म्हणजे शुद्ध राहील म्हणून. नऊ. चारही फिटरांचे हात आता जिन्याच्या कडांवर होते.

"झालं. सोड हळूहळू. हळू..."

दुसरी कळ आली आणि तिचा उजवा हात नकळत पुढे गेला.

जिना एकदम वीतभर खाली गेला.

"थांब! थांब! थांब!"

तिने दांडा सोडला, ब्रेक लागला, दोर थरथरला. खाली कुणीतरी ओरडलं. काचेतून तिला चारपैकी तीन जण दिसत होते. चौथा भिंतीच्या आड होता. किती वेळ गेला कोण जाणे. मग चौथा बाहेर आला, आपला उजवा हात डाव्या हाताने घट्ट धरून. बोटं उलटसुलट करून पाहत होता. पाचही होती.

"वाचला," मामांचा आवाज आला. कोरडा ठणठणीत. "सांभाळ. आता मी सांगेन तेवढंच."

ते सांगत गेले, ती सोडत गेली, आणि जिना जागेवर बसला. साखळ्या सुटल्या, हुक रिकामा वर आला. अकरा मिनिटं झाली होती सगळी मिळून. घारीचे कपडे त्याआधीच खराब झाले होते.

नंतर ती नुसती बसून राहिली.

वॉकीटॉकीवर आधी मामांनी हाक मारली, मग स्टोअरवाल्याने, मग खुद्द इंजिनियरने. "काय चाललंय वर? पाच ट्रक उभे आहेत खाली!" तिने आवाज बंद केला. खाली उतरायचं म्हणजे सगळ्यांसमोरून जायचं. वर थांबायचं तर किती वेळ? तिच्या मनात असलं-नसलं सगळं येऊन गेलं. काचेच्या दाराकडे पाहून एकदा जे मनात आलं त्याने ती स्वतःच दचकली आणि खुर्चीचे हात घट्ट पकडून बसली.

अर्ध्या तासाने शिडीवर कुणाच्या तरी धापा ऐकू आल्या. केबिनच्या बाहेरच्या जाळीच्या फळीवर पाऊल पडलं.

"दार उघडू नका!" ती किंचाळली.

"नाही उघडत." शिट्टीमामा होते. नऊ वर्षांत ते शिडी चढले नव्हते. "बसतो जरा इथे. माझाच जीव वर आलाय, तुला काय करतोय मी." ते पाठ करून फळीवर टेकले. धाप जरा बसली. मग त्यांनी विचारलं, "प्यायलीस का?"

"काय?"

"महिनाभर बघतोय. तोंड पांढरंफटक. जेवणाच्या सुट्टीत गायब. डबा उघडत नाहीस, हात थरथरतात. आमच्यातले दोघं तसेच गेले, एक दारूने, एक गोळ्यांनी." त्यांनी गुडघा चोळला. "परवा साहेबांच्या कानावर घातलंय मी. उद्या तुझी तपासणी करणार होते. लपवत नाही तुझ्यापासून."

घारीला वाटलं, आपल्याला राग येईल. आलं ते हसू, आणि ते अर्ध्यात फाटून रडू झालं. इतकं लपवून शेवटी काय पदरात पडलं, तर दारुडीचा शिक्का.

"मामा, मला आतड्याचा आजार आहे. साडेतीन वर्षं झाली. रक्त जातं, कळा येतात, आवरत नाही. आत्ता माझे कपडे खराब झालेत, म्हणून मी बाहेर येत नाहीये."

बोलून झालं आणि ती पुढच्या गोष्टीची वाट पाहत राहिली. शिडी हलेल, मामा निघून जातील, असं काहीतरी.

"अगं मग हे सांगायचं नाही का?" मामा म्हणाले.

"कुणाला सांगू? वॉकीटॉकीवर सांगू?"

"मला सांगायचं." आता त्यांचा आवाज चढला. "माझी चार माणसं तुझ्या हुकाखाली उभी असतात. तुला काय होतंय ते नको सांगूस, ते तुझं तुझ्यापाशी. पण हुक कधी रिकामा करायचा ते मला कळायला नको? नुसतं 'खाली ठेवू या' म्हणाली असतीस, ठेवला असता. त्याची बोटं गेली असती आज. नखाएवढं अंतर होतं."

"आणि सगळ्यांनी विचारलं असतं, का म्हणून."

"विचारलं असतं. मग?"

साडेतीन वर्षं ती त्या 'मग'पर्यंत कधी पोचलीच नव्हती.

मामांनी वॉकीटॉकी उचलली. "स्टोअर. माझ्या पेटीत कपड्यांचा जोड आहे. टॉवेल, पाण्याची मोठी बाटली. पिशवीत घाल आणि केबिनच्या खिडकीतून खाली लोंबतेय त्या सामानाच्या दोरीला बांध. आणि काही विचारू नकोस, विचारायचं असलं तर मी खाली आल्यावर विचार." मग दाराकडे न बघता म्हणाले, "ओढून घे. मी इकडे तोंड करून बसलोय. इथून काय झकास दिसतं गं. उगाच नाही तू खाली यायला कंटाळत."

पँट तिच्या कमरेला दोनदा गुंडाळून गाठ मारावी लागली. उतरताना मामा पुढे, ती मागे, आणि दर टप्प्यावर मामांचा गुडघा विश्रांती मागत होता. खाली माणसं गोळा झाली होती. तिच्या अंगावरचे ढगळ कपडे सगळ्यांना दिसले. माणसांनी बाजूला होऊन वाट करून दिली. ते वाट देणंही तिला सोसेना.

इंजिनियरच्या पत्र्याच्या खोलीत तिने सगळं दुसऱ्यांदा सांगितलं. तो तिच्याहून दहा वर्षांनी लहान होता आणि ऐकताना टेबलावरचा नकाशा सरळ करत होता. शेवटी म्हणाला, "हे आधी सांगितलं असतंस तर तुला वर जाऊच दिलं नसतं."

"म्हणूनच नाही सांगितलं, साहेब."

"आणि म्हणूनच सांगायला हवं होतं," मामा मध्येच म्हणाले. घारीने मान खाली घातली. मामांचं बरोबर होतं, आणि सांगितलं म्हणून वर जाऊच न देणं, हे साहेबाचं म्हणणं अर्धं का होईना चूक होतं. दोन्ही एकदमच खरं होतं.

त्याच दुपारी तिला इस्पितळात दाखल केलं. रक्त इतकं कमी झालं होतं की डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला. दोन बाटल्या रक्त चढवलं, शिरेतून औषधं दिली, मग नवी इंजेक्शनं सुरू केली. चार महिने काम बंद.

घरी ती आली तेव्हा नवरा पाळी बदलून घेऊन थांबला होता. त्याने विचारलं, "तू माझ्यावर रागावली होतीस ना? मला वाटायचं, माझंच काही चुकलंय. तू जेवायला बसत नव्हतीस माझ्याबरोबर."

मुलीने तर आणखीच काही मनात धरलं होतं. ती भिंतीकडे बघत म्हणाली, "मला वाटलं तुला कॅन्सर आहे. तू बाथरूममध्ये नळ सोडून रडायचीस. ऐकू यायचं सगळं. मी शाळेतून आले की आधी तुझ्या चपला आहेत का बघायचे."

घारीने तिला जवळ ओढलं. आपण या दोघांना कशापासून तरी वाचवतोय, असं ती समजत होती. प्रत्यक्षात घरात तीन माणसं तीन भीती घेऊन राहत होती, आणि तिघांची कडी आतून लावलेली.

पाकिटातली चिठ्ठी तिने तिसऱ्या आठवड्यात बाहेर काढली. समुपदेशक बाईंकडे पहिल्या दोन वेळा ती फक्त क्रेनबद्दल बोलली. वारा, दोर, वजनाचा काटा. तिसऱ्या वेळी बाईंनी विचारलं, "केबिनमध्ये त्या अर्ध्या तासात मनात काय काय आलं?" ती चाळीस मिनिटं रडली आणि शेवटच्या पाच मिनिटांत काचेच्या दाराबद्दल सांगितलं. बाई घाबरल्या नाहीत. त्यांनी पुढची वेळ दोन दिवसांनंतरचीच दिली, आणि नवऱ्यालाही एकदा घेऊन यायला सांगितलं. तिथे जाऊन आजार बरा झाला नाही. पण संडास शोधायचा ताण वेगळा आणि स्वतःच्या शरीराची किळस वेगळी, हे तिला कळायला लागलं. पहिल्यावर उपाय होते. दुसरी सांगत-सांगत थोडी कमी झाली, सगळी नाही.

चार महिन्यांनी डॉक्टरांचं पत्र घेऊन ती साइटवर गेली. इंजिनियरने तिला महिनाभर स्टोअरमध्ये बसवलं. ती नटबोल्ट मोजत राहिली आणि रोज त्याच्या दारात उभी राहिली. शेवटी ठरलं असं, की दोन चालक, दर दोन तासांनी बदली. आणि 'हुक रिकामा' असं कुणीही म्हटलं की पुढचं काम थांबवून आधी हुक रिकामा, कारण मागून विचारायचं. हा नियम मामांनी सगळ्यांसाठीच करायला लावला.

ज्याची बोटं वाचली होती त्या फिटरने मात्र तिच्या हुकाखाली उभं राहायला साफ नकार दिला. घार त्याच्याकडे गेली. "माफी मागायला आलेय."

"माफी राहू दे, ताई," तो विटेवर बसून बूट बांधत होता. "तुमच्यावर राग नाही माझा. पण अजून झोपेत दचकतो. थोडे दिवस जाऊ द्यात." पंधरा दिवस तो दुसऱ्या टोळीत गेला. मग आपणहून परत आला.

सव्वा वर्षाने आजार पुन्हा उसळला. गोळ्या, इंजेक्शनं, सगळं वेळेवर चालू असताना. डॉक्टरीणबाईंनी सांगूनच ठेवलं होतं, असं होऊ शकतं. घार तेव्हा शेजारच्या नव्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर विटांनी भरलेला लोखंडी पाळणा नेत होती. कळ ओळखीची होती. तिचा अंगठा बटणावर गेला.

"मामा. हुक रिकामा करायचाय."

आवाज कापला, तो सगळ्या साइटने ऐकला. कुठून तरी एक खुसखुस आली आणि लगेच थांबली. "घे खाली," मामा म्हणाले, "डावीकडे मोकळं आहे." पाळणा टेकला. ती शिडी उतरून वेळेत पोचली. थोडक्यात, पण पोचली.

संध्याकाळी घरात पाऊल टाकताच तिने सांगितलं, "परत सुरू झालंय."

मुलीने वही मिटली. नवऱ्याने तिच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली. "भीती वाटतेय?"

"हो," घार म्हणाली. "खूप वाटतेय."

मग ती खुर्चीवर बसली, आणि सकाळी काय काय झालं ते दोघांना पहिल्यापासून सांगू लागली.